हात थांबवायचा नाही

ड्रमचं स्टूल आपल्या मानाने उंच आहे म्हणून धाकटीने ते फिरवून खाली घेतलं. तेवढ्याने पियानोपाशी बसलेल्या वहिनींनी मान वळवली आणि भिंतीकडे पाहत राहिल्या.

"काही चुकलं का माझं?" धाकटीने बेस गिटारवाल्या खांबकाकांना हळूच विचारलं.

"मेहुण्यांची उंची होती ती. ते गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगून काय? लोंबकळत वाजवणार होतीस?" असं म्हणून खांबकाका पुन्हा आपल्या जागी ताठ उभे राहिले. त्यांना खांब का म्हणतात, ते विचारायची गरजच नव्हती. दिवसभर मालाची गाडी चालवून हा माणूस तालमीला यायचा तो बसायलाच विसरलेला असायचा.

बँड फार मोठा नव्हता. गाणारे दादा, पियानो वाजवणाऱ्या त्यांच्या पत्नी म्हणजे वहिनी, खांबकाका आणि ड्रमवर वहिनींचे भाऊ. त्यांना दादा मेहुणे म्हणायचे, म्हणून सगळं गावच मेहुणे म्हणायचं. मेहुणे अचानक छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या जागेवर आता धाकटी बसली होती. तालमीची खोली बंद पडलेल्या धोबीखान्याच्या मागे होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, वरून पाण्याचे गंजके नळ गेलेले, आणि कोपऱ्यातली शेगडी लावली की आधी जळक्या धुळीचा वास यायचा, ऊब मागाहून.

"काय गं नवी," दादा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "घरात काही भांडी शिल्लक आहेत, की सगळी बडवून झाली?"

"झाकण्या उरल्यात, दादा."

"आण त्या. आमची झांज तडकलीच आहे." ते हसले आणि मग सरळच म्हणाले, "हे बघ, कारखान्याच्या सभागृहात रविवारी दुपारी कार्यक्रम आहे. तेवढा तू वाजव. जमलं तर ही जागा तुझी. नाही जमलं तर आपण हसतखेळत निरोप घेऊ."

त्या जागेसाठी धाकटीचा जीव किती टांगणीला लागला होता, ते त्यांना ठाऊक नव्हतं. दिवसा ती औषधांच्या दुकानात खोकी फोडायची. पण तिचं लहानपण गेलं होतं वडिलांच्या पायांशी, ढोल मांडीवर घेऊन. बाबा प्रार्थनागृहात गाऊन निरूपण सांगायचे. एक कडवं म्हणायचे, उजवा हात वर करायचे आणि बोलायला लागायचे. कधी दृष्टान्त, कधी कोपरखळी, मधेच डोळ्यांत पाणी. तो हात वर गेला की ढोल गप्प. तो खाली आला की ढोल पुन्हा सुरू, जणू थांबलाच नव्हता.

"ताल धरणं हे हाताचं काम," बाबा तिला सांगायचे. "सोडणं हे काळजाचं. शब्द यायचा असेल तर त्याला वाट मोकळी करून द्यावी. देव गर्दीत शिरत नाही गं."

मग बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते कुजबुजायचे, तेही दोन-चार शब्द. ज्या माणसाने भरल्या सभेला रडवलं आणि हसवलं, तो दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणायलाही बोटं दाखवायचा. ढोल कपाटावर गेला आणि त्यावर चादर पडली. घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. बाबांना वाईट वाटेल म्हणून. थोरली लग्न होऊन गेली होती. आई होती ती पावलांचाही आवाज न करता वावरायची. त्या घरातून निघून धाकटी धोबीखान्यामागे आली, की तिला वाटायचं, आपले हात पुन्हा जिवंत माणसाचे झाले.

तालमी बऱ्या चालल्या होत्या. दादांचा आवाज खाली मातीला टेकलेला आणि तरी उबदार. पण एक गोष्ट तिला कळेना. तेच गाणं सोमवारी लांब व्हायचं, बुधवारी आखूड. कधी एक कडवं गायबच. दादा डोळे मिटायचे, वहिनी लगेच पियानोवर चाल वाजवायला लागायच्या, खांबकाका त्यांच्या मागे. चाल फिरून आली की दादा डोळे उघडून पुन्हा गायला लागायचे.

"वहिनी, आज मधलं कडवं गाळलं का?" तिने एकदा विचारलंच.

"त्यांच्या मनावर असतं." वहिनी पियानोचं झाकण पुसत होत्या, पुसलेलंच पुन्हा पुसत होत्या. "तू एवढंच लक्षात ठेव. काहीही झालं तरी हात थांबवायचा नाही."

"मी थांबत नाही, वहिनी. माझा ताल पक्का आहे."

"पक्काच आहे गं बाई. तरी सांगते. आभाळ कोसळलं तरी नाही."

धाकटीला ते लागलं. नवीन माणसाला काय, कुणीही शिकवावं! घरी येऊन तिने बाबांजवळ कुरकुर केली. "मी कालच ढोल हातात घेतल्यासारखं मला शिकवतात. थांबू नको म्हणे!"

बाबा हसले. तिला जवळ बोलावून कुजबुजले, "दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची रीत. पाळ."

तिने मान डोलावली. पण ऐकणं कानाचं आणि हातांची सवय हातांची. त्या दोघांची गाठ पडलीच नाही.

तालमीच्या शेवटच्या दिवशी दादांनी तिला विचारलं, "हा हात कुणी घडवला गं तुझा? तू माझ्या श्वासावर लक्ष ठेवतेस. ड्रमवाले तसं करत नाहीत. आमचे मेहुणे तर माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. म्हणायचे, तुमचं थोबाड बघून ताल बिघडतो."

धाकटीने बाबांबद्दल सांगितलं.

"आवाज गेला आणि माणूस राहिला," दादा म्हणाले. "मला वाटायचं, ह्याहून वाईट काही नसेल." मग एकदम सूर बदलून, "त्यांना घेऊन ये रविवारी. पहिल्या रांगेत बसव. तू इथे नुसती भांडी बडवत नाहीस, ते बघू दे त्यांना."

वहिनींनी तेव्हा तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं असेल काहीतरी, असं धाकटीला वाटून गेलं. पण खांबकाका स्पीकर उचलायला हाक मारत होते, ती तिकडे गेली.

रविवारी सभागृह भरलं होतं. कारखान्यातली माणसं, त्यांच्या बायका, म्हातारेकोतारे. सगळे दादांची गाणी ऐकत मोठे झालेले. बाबा पहिल्या रांगेत मफलर गुंडाळून बसले होते. पहिल्या गाण्याला त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, तेव्हा धाकटीला भरून आलं. दुसरं झालं, तिसरं झालं. खांबकाकांनी तिच्याकडे बघून एक भुवई उचलली. खांबाने भुवई उचलणं म्हणजे दुसऱ्याने नाचण्यासारखंच होतं. जागा आपली झाली, असं धाकटीला वाटलं.

मग दादांनी ते गाणं घेतलं. त्यांचं सगळ्यात जुनं, परतून आलेला माणूस आपल्याच घराच्या दाराशी उभा राहून आत कोण कोण आहे ते आठवतो, असं. सगळ्यांना पाठ होतं. पहिलं कडवं संपलं. दादा थांबले. डोळे उघडेच होते. समोर लोकांकडे पाहत त्यांनी उजवा हात हळूहळू वर नेला.

समोर बाबा बसले होते. वर गेलेला तो हात, आणि समोर बाबांचा चेहरा. धाकटीने विचार केलाच नाही. तिचे हात आपोआप थांबले. बोलणाऱ्याला वाट मोकळी झाली.

ड्रम थांबला म्हणून खांबकाका थांबले. बेसवाला नेहमी ड्रमच्या पाठीवर चालतो. पियानो एकटाच दोन पावलं पुढे गेला, अडखळला, आणि तोही बंद पडला.

सभागृहात चिडीचूप.

"पुढे काय?" दादा म्हणाले.

लोक हसले. दादा थट्टेखोर म्हणून प्रसिद्धच होते. मागून कुणीतरी ओरडलं, "दार उघडा, दादा!" पुन्हा हशा.

दादा हसले नाहीत. वर गेलेला हात तसाच होता. काहीतरी पकडायला गेलेला आणि काहीच हाताला न लागलेला. ते मागे वळले, ड्रमकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाची घाबरगुंडी उतरली.

"ही कोण? मेहुणे कुठे गेले?" माइक चालूच होता. "अहो, बोलवा त्यांना. त्यांना ठाऊक असतं पुढचं."

मेहुण्यांच्या प्रेताला त्या सभागृहातल्या निम्म्या माणसांनी खांदा दिला होता. आता कुणी हसलं नाही. एका बाईने तोंडावर हात ठेवला. धाकटीने कशाबशा काड्या उचलल्या आणि वाजवायला लागली, पण तोवर फार उशीर झाला होता. वहिनी उठल्या, दादांच्या दंडाला धरून त्यांना आत घेऊन गेल्या. पडदा खांबकाकांनीच ओढला.

आत दादा एका खोक्यावर बसून पाणी पीत होते. "झालं का? बरं झालं ना?" त्यांनी विचारलं.

"छान झालं," वहिनी म्हणाल्या आणि धाकटीला बाहेरच्या बोळात घेऊन आल्या.

"वहिनी, मला वाटलं ते बोलणार आहेत. हात वर केला म्हणून—"

"ताल चालू असला की त्याला धरून शब्द परत येतात. चाल फिरत राहायला हवी, बस. माझ्या भावाने शोधून काढलं होतं ते. दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. कागद ठेवून पाहिला, तर कुठल्या ओळीवर आहोत तेच त्यांना सापडेना. थांबलं की मात्र सगळं पुसतं. सगळंच."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?" वहिनींचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "बुडत्या होडीत कोण बसतं गं? आणि तू बाहेर बोलली असतीस तर? लोकांना एकदा कळलं की लोक गाणं ऐकत नाहीत, चूक ऐकतात. तू चुकली नाहीस. मीच झाकून ठेवलं. पण हात तुझे थांबले, हेही खरंच आहे. काय करू मी?"



बाबांना घेऊन धाकटी पायी घरी निघाली. वाटेत ती म्हणाली, "तुम्ही शिकवलंत तेच केलं मी." म्हणताना तिला लाज वाटली, पण म्हटलं.

बाबा रस्त्यातच थांबले. बोलायला त्यांना फार जोर लावावा लागे. "मी थांबायचो," ते कुजबुजले, "कारण मला पुढचं ठाऊक असायचं." श्वास घेतला. "ते थांबले ते ठाऊक नव्हतं म्हणून. बाहेरून सारखंच दिसतं गं." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. "देव बघतो. त्याला फरक कळतो."

देवाला कळत असेल. धाकटीला त्या दिवशी त्याने काही धीर आला नाही.

पुढच्या तालमीच्या दिवशी ती गेली, ती आपल्या काड्या आणायला. पुढचे कार्यक्रम आयोजकांनी गोड शब्दांत रद्द केले होते. खांबकाका भिंतीवरच्या गाद्या उपसत होते; खोली महिनाअखेर सोडायची होती. गाद्या निघालेल्या जागी ओलीचे मोठे डाग दिसत होते. वहिनी तारा गुंडाळत होत्या. दादा मात्र कोट घालून, केस विंचरून माइकसमोर उभे होते. माइकची वायर निघालेली होती.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"नवी," वहिनी म्हणाल्या. "ड्रमवर बसायला आलीय."

"अस्सं! काय गं नवी, घरात काही भांडी शिल्लक आहेत, की सगळी बडवून झाली?"

धाकटीने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी गुंडाळलेली तार खाली ठेवली आणि पियानोवर जाऊन बसल्या. खांबकाकांनी हातातली गादी भिंतीला टेकवली.

"झाकण्या उरल्यात, दादा," धाकटी म्हणाली.

"आण त्या. बस. कारखान्याच्या सभागृहात रविवारी कार्यक्रम आहे. जमलं तर जागा तुझी."

ती बसली. स्टूल तिच्याच उंचीचं राहिलं होतं. दादांनी तेच गाणं काढलं, दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाचं. पहिलं कडवं त्यांनी असं म्हटलं, की गादीवरची धूळ झटकता झटकता खांबकाकांचा हात जागीच राहिला. कडवं संपलं. दादा थांबले. उजवा हात वर गेला.

धाकटीने डोळे मिटून घेतले आणि हात थांबवले नाहीत. पियानोवर चाल एकदा फिरून आली, दुसऱ्यांदा आली. खांबकाकांनी बेस गळ्यात अडकवली आणि मागून साथीला आले. चाल पुन्हा आली. शेगडीने अजून ऊब धरलेली नव्हती. कुठल्याही क्षणी दादा दुसरं कडवं उचलतील म्हणून ती वाट मोकळी ठेवत राहिली, दंड भरून आले तरी वाजवत राहिली.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने डोळे उघडले. दादा खुर्चीवर बसून खिडकीबाहेर पाहत होते, शांतपणे. गाणं दुसऱ्याच कुणाचं असावं, तसं. वहिनींची बोटं पियानोवर चालतच होती आणि त्या तिच्याकडे पाहत होत्या. बास, असं त्या म्हणाल्या नाहीत. धाकटी वाजवत राहिली.