जांभुळराणी समोरून

मारोतरावांनी पुढे होऊन हार्मोनियमच्या भात्यावर हात दाबला. सूर मध्येच गुदमरला. मंडळाची तालीम थांबली आणि सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

“हे काय करून राहिले तुमी? जांभुळराणी हाये का लग्नाची वरात?”

मंडळाचा मुकुंद हसत जवळ आला. “काका, चाल सिनेमाची हाये. लोकाइले आवडते.”

“देवकीच्या राणीनं जन्मात सिनेमा नाही पायला.”

जांभुळराणी म्हणजे त्यांच्या बायकोने, देवकीबाईंनी रचलेली गोष्ट. सक्करदऱ्यात गणपतीच्या दिवसांत रोज संध्याकाळी तिचा एक भाग व्हायचा, कळसूत्री बाहुल्यांचा. राणीचा आवाज देवकीबाईंचा, राणीच्या दोऱ्याही त्यांच्याच हातात. लाकूड कोरायचं आणि बाकीच्या सगळ्या बाहुल्या नाचवायच्या, हे मारोतरावांचं काम. यंदा उन्हाळ्यात देवकीबाई गेल्या. मुकुंद बाहुल्या मागायला आला, तेव्हा मारोतरावांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. बोलणारी गेली, आता लाकडं नाचवून काय करता, म्हणाले. मग मंडळाने माणसंच उभी करायची ठरवली. मंडपाबाहेरच्या फळ्यावर लिहिलंसुद्धा: ‘कै. देवकीबाईंची जांभुळराणी, आता खऱ्या माणसांत.’

“खरी माणसं म्हणे! मंग आजवर का खोटी होती?” मारोतरावांनी काळा कोट घातलेल्या एका जाड्या माणसाकडे बोट केलं. “हा कोण?”

“कावळा, काका. राणीचा प्रधान.”

“काळा कोट चढवला का झाला कावळा? मंग कोर्टात तं थवाच बसून राहते.”

लोक हसले. त्याने मारोतराव आणखीच भडकले. ते विनोद करायला आलेले नव्हते. त्यांनी आता राणीचं काम करणाऱ्या उत्तरा नावाच्या मुलीकडे मोर्चा वळवला.

“अन् तू वं पोरी, घडीघडी वर काय पाहून राहिली? मंडप गळते काय? दरवेळी बोलाच्या आधी मान वर! राणी हाये का पाणी पिणारी कोंबडी?”

उत्तराने मान खाली घातली.

“मुकुंदा, तो फळा पूस. काय तमाशा कराचा तो करा. तिचं नाव याले लावाचं नाही.”

“असं काहून करता, काका? सगळीकडं सांगून झालं.”

“तू पुसत नाही तं मी पुसतो.” त्यांनी बादलीतलं ओलं फडकं उचललं आणि निघाले.

“काका,” उत्तरा मागून म्हणाली. “ते मी मनानं नाही केलं. राणी तशीच करे.”

“कोणती राणी?”

“तुमचीच. बाहुली. लहान होती तवापासून मी पुढच्या सतरंजीवर बसत आली. राणी आधी वर पाहे, अन् मंगच बोले. घरी आमी पोरी तसंच खेळो.”

“खरं हाये, काका,” मुकुंद म्हणाला. “आमाले वाटे, देवाले विचारून राहिली.”

“तुमी कधी पायलं नाही?” उत्तराने विचारलं.

मारोतरावांनी एवढी वर्षं खेळ केला, पण तो समोरून एकदाही पाहिला नव्हता. काळ्या पडद्यामागे बाकावर ते उभे, शेजारी, त्यांच्या डाव्या हाताला, देवकी. ती त्यांच्या खांद्यालाही पुरत नसे. त्यांची बाहुली जागेवर आली की नाही, हे ती वाक्य बोलायच्या आधी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहून ठरवायची. त्यांनी डोळे मिटून ‘हो’ केलं की बोलायची. मान वर झाली की तिचा हातही वर जायचा, राणीच्या डोक्याच्या दोरीसकट. हात स्थिर ठेव, म्हणून ते तिच्यावर किती वेळा खेकसले होते.

फडक्याचं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं.

“पुन्हा कर,” ते म्हणाले.

उत्तराने डोळे पुसले. मान वर केली, क्षणभर मंडपाच्या कापडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “प्रधानजी, माझं राज्य कुठं गेलं?”

“चुकलं.” आवाजातला राग तसाच होता. “सरळ वर नाही पाहाचं. उजव्या अंगाले पाहाचं. अन् पायल्याबरोबर बोलाचं नाही. थांबाचं.”

“किती थांबू, काका?”

“मी सांगतो ना,” मारोतराव म्हणाले, आणि तिच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले.