शिलाईपुरतं सोडून

मावशींच्या दुकानात कोट शिवायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. आजवर सगळं अभ्रे, पडदे, फार तर शर्ट. बस चालवणाऱ्या एका बाईने जाड लोकरी कापड आणून टाकलं होतं आणि आज संध्याकाळी ती कोट न्यायला येणार होती. कोट झाला झकास, पण कॉलरची टोकं वर वळायची. इस्त्रीने दाबावीत तर घटकेत पुन्हा वर. कापड उरलं होतं जेमतेम एका कॉलरपुरतं. अंदाजाने काही करून फसलं, तर हा कोट गेलाच, पुढचेही गेले.

शिवणकाम करणाऱ्यांचा फोनवर एक गट होता. मावशींनी चष्मा लावला आणि लिहायला बसल्या. अक्षरओळख झाली ती केस पिकल्यावर, त्यामुळे लिहायला घेतलं की हात आवरत नसे. मशीन कुणी घेऊन दिलं, तेव्हा नवऱ्याने नाक कसं मुरडलं, बसवाली स्वभावाने किती गरीब, सगळं आलं. कॉलर आली अगदी शेवटी.

मग एकाने लिहिलं, "मावशी, हे वाचायला रजा काढावी लागेल." खाली हसरी तोंडं रांगेने उमटली.

काजं करत बसलेली धाकटी जाऊ खुदकन हसली. "रागावू नका जाऊबाई, पण तुम्ही पार जन्मापासून सुरुवात केलीत."

"मग काय, तार करू?"

"तारच करा."

मावशींनी तिरीमिरीत लिहिलं, 'कॉलर बसत नाही. काय करू?'

उत्तरं पटापट आली. "कसली कॉलर?" "कापड कोणतं?" "खुर्ची देऊन बघा."

मावशींनी फोन पालथा टाकला.

"कापड असं नेमकं मापावरच कापता का कधी?" जाऊ सुईत दोरा ओवत म्हणाली. "शिलाईपुरतं सोडता ना?"

"तू काजं कर," मावशी म्हणाल्या, पण फोन उचलला. पहिलं लांबलचक लिखाण उघडून त्यांनी छाटायला घेतलं. मशीन गेलं, नवरा गेला. बसवालीचा स्वभाव काढणं जिवावर आलं, पण तोही गेला. 'जाड लोकरी'पाशी बोट थांबलं. हे राहू दे. उरलं ते असं: 'जाड लोकरी कोट. कॉलरची टोकं वर वळतात. वरची आणि खालची कॉलर एकाच मापाची कापली आहे. उसवून काय करू? संध्याकाळी द्यायचा आहे.'

कधी न बोलणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्याने उत्तर दिलं. "जाड कापडाला खालची कॉलर लहान हवी, म्हणजे ती टोकं खाली ओढते. खालची कडेने सूतभर छाटा आणि पुन्हा शिवा. नवं कापड लागणार नाही."

मावशींनी उसवलं, छाटलं, शिवलं, इस्त्री फिरवली. टोकं गुमान खाली बसली.

संध्याकाळी बसवालीने कोट चढवला आणि आरशासमोर हवेतच स्टिअरिंग फिरवून पाहिलं. "कुठे ओढत नाही. माझ्या बहिणीलाही एक शिवाल का?"

ती गेल्यावर मावशींनी शिंप्याचे आभार लिहायला घेतले. मशीन, नवरा, बसवाली, सगळी मंडळी परत आली.

जाऊने डोकावलं. "झालं? पुन्हा सुरू?"

"प्रश्न छाटला की. आभार कशाला छाटू?"

थोड्या वेळाने फोन वाजला. "सगळं वाचलं. यजमानांचं नाक पुढे सरळ झालं का?"

मावशींनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला बसल्या.