वारावर जेवणारी शकू

शकू सातवी पास झाली, आणि तिच्या बापाच्या दृष्टीनं शिक्षण हा विषय तिथं संपला. गाव चाकणच्या पुढं, शाळा सातवीपर्यंत. पुढं काय, असा प्रश्न बाळाजीला पडलाच नव्हता. पोरगी मोकळी झाली, यंदा कांद्याच्या लावणीला एक हात वाढला, एवढंच त्याच्या मनात होतं.

प्रश्न पडला सुमनताईंना. त्यांचं माहेर त्याच गावचं. लग्नानंतर लवकरच नवरा वारला, मग त्या शिकल्या आणि चिंचवडच्या एका हायस्कुलात शिक्षिका झाल्या. मे महिन्याच्या सुट्टीत भावाकडं आल्या होत्या. शकूचे मार्क ऐकले आणि तडक बाळाजीच्या ओसरीवर येऊन बसल्या.

"बाळाजीदादा, शकूला माझ्याबरोबर चिंचवडला पाठवा. आठवीत घालते."

"आन् फी?"

"नादारी मिळेल. मूल हुशार असेल आणि घरची परिस्थिती बेताची असेल, तर शाळा फी माफ करते. पुस्तकं मी जुनी मिळवते. राहायला माझी खोली आहे."

"मंग खायाचं काय?"

सुमनताईंचा अर्धा पगार सासूसासऱ्यांना जात होता, हे बाळाजीला ठाऊक होतं. त्यानं वर्मावरच बोट ठेवलं होतं. पण ताईंनी त्याचाही विचार करून ठेवलेला. "सकाळी माझ्याकडे जेवेल. संध्याकाळी आमच्या आळीतल्या सात घरी सात वार. मी बायकांशी बोलले आहे. सगळ्या हो म्हणाल्या."

"म्हंजी माझी पोरगी दुसऱ्याच्या दारात ताट घिऊन उभी ऱ्हानार?"

"उभी कशाला राहील? पाटावर बसेल."

 तिसऱ्या दिवशी बाळाजी बाजारातून पत्र्याची एक ट्रंक घेऊन आला.

सत्तावन्नच्या जूनमध्ये शकू चिंचवडला आली. आळी तशी लहान, पण माणसं चारी दिशांची. पलीकडं पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना सुरू झाल्यापासून परगावची बिऱ्हाडं वाढली होती. सोमवार होता यशोदाबाईंचा. त्यांचे यजमान स्टेशनात कामाला, दोन्ही मुली एकाच वर्षी सासरी गेलेल्या. मंगळवार रुक्मिणीबाईंचा. त्या परभणीकडच्या, नवरा चिमाजी कारखान्यात. बुधवार गवराबाईंचा. ही म्हातारी चिंचवडचीच, घरची शेती, दारात म्हैस. गुरुवारी शालनबाई, घरात तीन लहान मुलं. उरलेले तीन वारही असेच वाटले गेले होते.

पहिल्या सोमवारी यशोदाबाईंनी उपास सोडायला पुरणपोळी केली. एरवी त्या सोमवारी वरणभातावर भागवत. पण पाहुणी पोर पहिल्यांदा जेवायला येतेय म्हणून त्यांनी पुरण घातलं, आणि शकूला तीन पोळ्या खाल्ल्याखेरीज उठू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंनी सहज विचारलं, "काल काय केल्तं गं यशोदाबाईनं?"

"पुरनपोळी."

 पुढच्या मंगळवारी रुक्मिणीबाईंनी धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची आमटी आणि वर गूळ घालून शेवया असा बेत केला. ही बातमी नळावर पोचली. मग यशोदाबाईंनी श्रीखंड केलं. शालनबाईंनी मुलांच्या तोंडचं दूध काढून बासुंदी आटवली. गवराबाईंनी फक्त पिठलं-भाकरी वाढली, पण भाकरीवर लोण्याचा असा गोळा ठेवला की शकूला भाकरी दिसेना.

शकूला नाही म्हणता येत नसे. घरून बापानं बजावून पाठवलं होतं, "ताटात टाकू नगं, आपलं नाव जाईल." ती सगळं संपवायची. शिवाय कुणाचं फुकट खायचं तिच्या जिवावर येई. जेवण झालं की ती न सांगता भांडी घासायला बसायची. शालनबाईंचं धाकटं मूल मांडीवर घेऊन झोपवायची. रुक्मिणीबाईंचं दळण निवडायची. यशोदाबाई तिला लेकींच्या लग्नातल्या गमती सांगत, त्या ऐकायची. खोलीवर पोचेपर्यंत पोट तुडुंब आणि डोळे मिटलेले. सुमनताई संध्याकाळच्या शिकवण्या आटोपून येत, तेव्हा शकू पुस्तकावर डोकं ठेवून घोरत असे. ताईंना वाटे, केवढा अभ्यास करते पोर.

सहामाहीचा निकाल लागला. शकू इंग्रजीत आणि बीजगणितात नापास.

हेडमास्तरांनी सुमनताईंना बोलावून शांतपणे सांगितलं, "वार्षिकला असंच झालं, तर नादारी पुढे चालू ठेवता येणार नाही. नियमच तसा आहे."

ताईंनी शकूला जवळ बसवून विचारलं. शकू रडली नाही. ती म्हणाली, "मला घरी जायचंय. माझ्यासाठी समद्यांनी एवढं केलं, आन् मी हे असं केलं. आता कुनाच्या पाटावर कुठल्या तोंडानं बसू?"

त्याच आठवड्यात बाळाजी आला. कांदा घेऊन पुण्याला जाणाऱ्या ट्रकमधून तो भोसरीला उतरायचा आणि तिथून डोक्यावर पोतं घेऊन चिंचवडपर्यंत चालत यायचा. सातही घरी टोपलीभर कांदा दिल्याखेरीज त्याला चैन पडत नसे. पोतं टेकवून तो पाणी प्यायला, तेवढ्यात शकूनं त्याच्यापुढं निकाल ठेवला.

"दादा, मला घिऊन चला."

"का गं? कुनी बोललं?"

"न्हाई."

"कुनी उपाशी ठिवलं?"

"न्हाई ओ. लई खायला घालत्यात. खाऊन झालं की झोपच येती. नापास झाले मी खाऊन खाऊन."

 बाळाजीच्या मिशा हलायला लागल्या, आणि तो इतका हसला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. शकूलाही हसू आलं, आणि हसता हसता आता मात्र ती रडली. बाळाजीनं पटक्याच्या शेमल्यानं तिचे डोळे पुसले. "बस हितं. मी कांदं दिऊन येतो," तो म्हणाला.

पहिलं घर यशोदाबाईंचं. कांदे ओतून झाल्यावरही बाळाजी उंबऱ्यापाशी घुटमळला.

"ताई, एक मागनं हाय."

"मागा की."

"माझ्या पोरीला जरा कमी जेवायला घाला."

यशोदाबाईंचा हात भातवाढीसकट थांबला. "कमी? लोक म्हणतील, यशोदाबाई परक्या पोरीला उपाशी मारते."

"लोकास्नी मी सांगतो. आन् तिला भांड्याला हात लावू दिऊ नगा. तुमी सांगत न्हाई, ठावं हाय मला. तीच बसती. तिला उठवा." मग त्यानं निकालाचं सांगितलं. यशोदाबाईंनी भातवाढी खाली ठेवली.

रुक्मिणीबाईंना आधी हसू आवरेना. तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, "मागायला येनारे लई पाह्यले, पन असं मागनारा तुमीच." निकाल ऐकल्यावर मात्र त्यांनी पदर खाली घेतला. "लेकराचं नुकसान झालं की हो," एवढंच म्हणाल्या.

अशी सात घरं करून बाळाजी परत आला. "वार्षिक परीक्षेपतूर ऱ्हा," तो शकूला म्हणाला. "मंग बघू." तिला बरोबर न घेताच तो भोसरीच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी नळावर तोंडं सुटली.

"तुमच्या सोमवारच्या गोडानं पोर पेंगत होती," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"आणि तुमच्या ठेच्यानं मंगळवारी पाणी पीत बसायची त्याचं काय?" यशोदाबाई म्हणाल्या.

शालनबाईंनी बासुंदीचं नाव निघायच्या आत घागर उचलली. तेवढ्यात गवराबाई पुढं झाल्या. "कुनाच्या जेवनानं नापास झाली त्ये ऱ्हाऊ द्या. आता पास कशी करायची त्ये बोला."

कुणीतरी सुचवलं, शकूला घरी बोलवायलाच नको. ज्या घरचा वार, त्या घरानं खोलीवर डबा पोचवायचा. सगळ्यांना पटलं. यशोदाबाई मात्र हंड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"डबा दिला म्हणजे ती समोर बसून जेवणार नाही," त्या म्हणाल्या. "यांची रात्रपाळी असते. सोमवारी तेवढं कुणीतरी माझ्यासमोर बसून जेवतं."

मग कुणी डब्याचं नाव काढलं नाही. रुक्मिणीबाईंनी आपली घागर नळाखालून बाजूला घेतली आणि यशोदाबाईंचा हंडा आत सरकवला. "मग येऊ द्या तिला. जेवल्यावर तिथंच पुस्तक उघडंल. मात्र ताट एकच, पोटापुरतं. आन् आपली तोंडं बंद."

शेवटची अट सगळ्यात अवघड होती, पण पाळली गेली. यशोदाबाईंनी खिडकीखालची शिवणाचं मशीन हलवून तिथं शकूसाठी पाट मांडला. त्या समोर बसून वाती वळायच्या आणि बोलायचं आलं की ओठ दाबून धरायच्या. रुक्मिणीबाईंनी चिमाजीला बाहेर ओट्यावर बसून पेपर वाचायला लावलं, कारण तो मोठ्यानं वाचायचा. शालनबाईंची मुलं काही केल्या गप्प बसेनात, म्हणून गुरुवारी त्या तिघांना गवराबाईंच्या म्हशीजवळ नेऊन सोडत. शकूनं भांड्याला हात लावला की सातही घरी एकच ओरडा व्हायचा.

बुधवारी गवराबाई चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या आणि शकू कंदिलाजवळ गणितं सोडवायची.

"मघाधरनं क्ष, क्ष करतीस. ह्यो क्ष कोन?" एकदा त्यांनी विचारलं.

"त्ये ठावं नसतं आजी. त्येच शोधायचं असतं."

"आन् घावला की?"

"गनित संपतं."

"मंग लवकर शोध बाई. भाकरी गार हुती."

शकूनं शोधला. पहिल्या खेपेला चुकला, दुसऱ्या खेपेला सापडला, आणि ती तव्यावरची भाकरी तिला कधी नव्हे इतकी गोड लागली. जानेवारीत तिच्या लक्षात आलं की संध्याकाळी आपल्याला झोप येत नाही. फेब्रुवारीत ती इंग्रजीचा धडा न अडखळता वाचायला लागली. यशोदाबाईंना त्यातलं अक्षर कळत नसे, तरी त्या वाती बाजूला ठेवून ऐकत बसायच्या.

वार्षिक निकालाच्या दिवशी सुमनताईंच्या दारात आळी गोळा झाली. शकू सगळ्या विषयांत पास होती. बीजगणितात काठावरच, पण पास. नादारी पुढच्या वर्षीही चालू राहणार, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. यशोदाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि महिनोन्‌महिने दाबून धरलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. रुक्मिणीबाईंनी त्यांना मधे टोकलं नाही.

सुट्टीसाठी न्यायला बाळाजी आला, तेव्हा ट्रंक भलतीच जड झाली होती. सात घरांनी वाटेसाठी काही ना काही बांधून दिलं होतं. त्यानं ती कुरकुर न करता डोक्यावर घेतली. बापलेक चालत भोसरीला पोचले. ऊन चढत होतं, रस्त्यावरून रिकामे ट्रक चाकणच्या दिशेनं परतत होते. एका झाडाखाली त्यानं ट्रंक उतरवली आणि घाम पुसत विचारलं,

"शाळा कधी चालू हुती पुन्यांदा?"

"जूनात. सोमवारी."

"मंग ऐतवारीच आनून सोडतो," बाळाजी म्हणाला, आणि समोरून येणाऱ्या ट्रकला त्यानं हात केला.