आठव्या डावाचा माणूस

नावाची पट्टी बोटभर लांब, पांढरी, मागून चुंबकाची — आणि इतक्या उन्हाळ्यांत इतक्या बोटांनी ती फळ्यावर इकडून तिकडे सरकवलेली, की ‘वोगल’ या नावातलं शेवटचं अक्षर जवळजवळ उडालंच होतं. टेस्मरनं ती आठव्या डावाच्या रकान्यात नेली आणि तशीच बोटाखाली धरून ठेवली. इथे ती चिकटली तर वोगलच्या पदरात काय पडेल? बेसबॉलच्या नऊ डावांतला एक डाव. तीन माणसं बाद करायची, जेमतेम पंधरा फेकी, अंगातला सगळा जोर लावून. आणि जाळीमागे, वेग मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन, कोरियाहून आलेले ते राखाडी टोपीवाले गृहस्थ. त्यांना पटलं तर तिकडच्या क्लबात एक वर्ष. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, चौतिसाव्या वर्षी आणखी एक वर्ष म्हणजे... आणि नाही पटलं, तर सासऱ्याचं टायरचं दुकान. ते कधीपासून वोगलची वाट बघत होतं — न कंटाळता, न रागावता, टायर जशी वाट बघतात तशी.

आणि टेस्मरच्या पदरात? काहीच नाही. म्हणूनच तर सकाळपासून तो स्वतःवर खूश होता. टोपीवाल्यांना फोन त्यानं केला होता, आठवा डाव राखून ठेवायचं वोगलला त्यानं कबूल केलं होतं. वेदरलीसारख्या गावांतून पिचरांचा कोच म्हणून केस पांढरे केल्यावर माणसानं एखादं तरी काम मोबदल्याशिवाय करावं, एवढी आपली ऐपत आहे असं त्याला वाटत होतं. आणि तसं वाटलं की छातीत जी ऊब येते — ती येतेच की. म्हणजे मोबदला पोचला. हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं पट्टी चटकन चिकटवून टाकली.

तेवढ्यात वरून फोन आला. वर म्हणजे मोठ्या क्लबात, जिथे खरे सामने होतात. वेदरली हे त्यांचं कोठार. फळ्यावरचे बारा हात त्यांचे, पण सगळ्या हातांचा भाव एक नव्हता. कीटिंगसारख्या एकविशीतल्या पोराचा हात म्हणजे बँकेत ठेवलेला दागिना. त्यानं खांदा गरम करायला टाकलेले चेंडूसुद्धा वर कळवायचे. अमाडोर तर आता वर जाण्याच्या बेतातच. आणि उरलेले — म्हणजे वोगल आणि मंडळी — ते यासाठी, की दागिने रोज घालायचे नसतात आणि सामना मात्र रोज असतो.

“कीटिंग पन्नास फेकी. एक्कावन्नावी नाही,” वरचे साहेब म्हणाले. “आणि अमाडोरला आज हात लावू नकोस. मंगळवारी तो आम्हाला इकडे लागेल.”

“काल सामना लांबला हो. सहा जण दमलेत माझे. कीटिंग लवकर आटपला तर—”

“तर कुणीतरी खाईल मधले डाव. टेस्मर, हे मी तुला शिकवू का?” मग आवाज मऊ झाला. “हिवाळ्यात इथली कोचची जागा रिकामी होतेय, माहितीये ना? आमचं लक्ष असतं. पोरांना कोण सांभाळतं, ते दिसतं आम्हाला.”

फोन ठेवल्यावर टेस्मरनं फळ्याकडे बघितलं. पट्टी होती तिथेच होती. कीटिंग काही लवकर आटपणार नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मी आजवर असल्या गोष्टी स्वतःला किती वेळा सांगितल्या असतील... आणि दर वेळी ऐकणाऱ्याचा विश्वास बसलेला आहे.

दुपारी गवतावर पोरं चेंडू झेलत उभी असताना तो नेहमीप्रमाणे एकेकापाशी गेला. नेहमीचाच प्रश्न, हात कसा? नेहमीचंच उत्तर, मस्त. या धंद्यात दुसरं उत्तर नाही; दुखतोय म्हणणाऱ्याची पट्टी फळ्यावरून उतरते, आणि उतरलेली पट्टी कुठे जाते ते कुणी विचारत नाही. तेव्हा कोचनं शब्द ऐकायचाच नाही, त्याच्या खालचं ऐकायचं — हा ‘मस्त’ झोपेतला, हा ‘मस्त’ घाबरलेला, हा नुसता तरुण. टेस्मरचा कान त्यात तयार होता. पोटापाण्याची विद्या म्हणायची तर तेवढीच.

वोगल कुंपणाला टेकून उभा होता. त्यानं केस कापले होते. मानेवर कातडीचा एक पांढरा पट्टा उघडा पडला होता, आणि तो बघून टेस्मरला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

“हे काय रे? लग्नाला निघालास?”

“कोरियातली माणसं टापटीप असतात म्हणे, कोच. बायकोनं खुर्चीत बसवलं आणि घेतली कात्री. म्हणाली, चेंडू नाही आवडला तर निदान मान आवडेल.”

“हात कसा?”

“मस्त.”

आणि हा ‘मस्त’ खरा होता. खाली काही नव्हतं. तळ दिसणाऱ्या पाण्यासारखा. किती दिवसांनी ऐकला असला... याच पोराला — बावीस वर्षांचा होता तेव्हा — एका मोटेलच्या मागे, कपडे वाळत घातले होते त्यांच्या पलीकडे, चेंडू बोटांत सैल धरून हळू सोडायला मी शिकवलं होतं. जोराच्या फेकीसारखाच हात आणायचा आणि वेग मात्र चोरायचा. संध्याकाळ होईपर्यंत त्यानं कुणाच्या तरी चादरीवर चिखलाचे गोल उठवले, आणि मग मालकिणीसमोर स्वतःहून जाऊन उभा राहिला, मी टाकले म्हणून. टाकायला सांगणारा कोण, ते बोललाच नाही.

सामना सुरू झाला आणि कीटिंगला दिशाच सापडेना. पोरगं जोरात फेकत होतं, सुंदर फेकत होतं, आणि चेंडू जाईल तिकडे जात होता. दुसरा डाव अर्धाही झाला नव्हता तेव्हा टेस्मरच्या हातातलं फेकींचं मोजणी-यंत्र पन्नासावर आलं. समोरच्यांची दोन माणसं धावेसाठी तळांवर टपलेली, एकच बाद.

“कोण?” मॅनेजर लू मार्केझीनं बाकावरून मान न वळवता विचारलं. मार्केझीला सगळं माहीत होतं, पण पिचर निवडणं टेस्मरचं काम, आणि दुसऱ्याचं काम आपल्या अंगाला लागू न देण्यात मार्केझीचा हात कुणी धरला नसता. “अरे बोल ना. ते पोरगं तिकडे रडायला आलंय.”

वोगलशिवाय शेवटच्या दोन डावांपुरते दोघं होते. मधले पाच-साडेपाच डाव कोण खाणार? एक अमाडोर, ताजा, चोवीस वर्षांचा, त्याला हे घामही न येता जमलं असतं. एक वोगल. अमाडोरला मैदानात उतरवलं तर वरून फोन येईल. वोगलला उतरवलं तर... कुणाचाच फोन येणार नाही. टेस्मरनं कुंपणापलीकडे बसलेल्या राखीव पिचरांसाठीचा फोन उचलला, आणि पुढे कितीदा आठवायचा प्रयत्न केला तरी त्या क्षणी आपण विचार केला होता असं काही त्याला आठवेना. अमाडोरचं नाव घेतलं असतं तर अमाडोरनं विचारलं असतं — मी? आज? वरच्यांनी सांगितलंय का? वोगल विचारणार नव्हता. एवढंच. तो चांगला म्हणून नाही, म्हातारा म्हणूनही नाही. तो विचारणार नाही म्हणून.

“वोगल,” तो म्हणाला. “सातव्याच्या शेवटपर्यंत.”

पलीकडून तिथल्या झेलणाऱ्याचा आवाज आला, “तो म्हणतोय, बरं.”

पाच-साडेपाच डाव पुरायचं तर हात राखून फेकावं लागतं, पहिल्या चेंडूपासून. टेस्मरला ते माहीत होतं, वोगलला माहीत होतं; जाळीमागच्या यंत्राला माहीत नव्हतं. त्याच्यावर आकडा उमटत होता तो एका थकल्या माणसाचा. आणि बाकाच्या कठड्याला धरून उभा असलेला टेस्मर मनातल्या मनात त्याची विनवणी करायला लागला — फेक ना लेका, जोरात फेक, दोन डाव सगळं ओतून टाक, त्यांना दिसू दे, आणि मग खांदा धर. म्हण, गेला हात. मी धावत येईन. मला खोटं आहे हे कळेल आणि मी मार्केझीला सांगेन की खरं आहे, माझ्या कानाची शपथ घेईन, मग अमाडोरला उतरवणं कुणाच्याच माथी बसणार नाही... इतकं सोपं होतं. वेदरलीत दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. वोगल राखून फेकत राहिला. दुसरा डाव निभावला, तिसरा, चौथा. पाचव्यात चेंडू समोरच्यांच्या बॅटला गोड लागायला लागले. धावा झाल्या. सहाव्यात आणखी झाल्या. राखाडी टोपी उठली, यंत्राला तिनं जपून पिशवीत घातलं, शेजारच्या बाईला वाट द्या म्हणून वाकून सांगितलं आणि जिन्यानं वर गेली.

टेस्मर मैदानात निघाला. कोच पिचरच्या मातीच्या उंचवट्याकडे चालत निघाला की लोकांना वाटतं, सुटका आली. एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. चालताना वाक्य तयार होतं त्याच्या तोंडात: खांदा दुखतोय म्हण, बाकीचं माझ्यावर सोड. साधं वाक्य. उंचवट्याशी पोचला. वोगलच्या कापलेल्या केसांतून घाम सरळ मानेवर उतरत होता.

“हात कसा?” टेस्मर म्हणाला.

वोगलनं त्याच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ.

“मस्त.”

खाली काय होतं ते टेस्मरला ऐकू आलं. इतकं स्पष्ट, की आपल्याला कान आहेत याचीच त्याला लाज वाटली.

“ते आहेत ना अजून?” वोगलनं विचारलं.

“आहेत. बसलेत.”

उंचवट्यावरून ती जागा सरळ समोर होती. रिकामी खुर्ची, उन्हात चकाकणारी. वोगलची नजर तिच्यावरून हळूच परत आली.

“मग बरंय,” तो म्हणाला. “जा तुम्ही. पंच बघतोय. आणि तोंड असं नका करू कोच, लोकांना वाटेल मी मेलो.”

आठवा डाव दुसऱ्याच एका पोरानं टाकला. मजेत, तीन माणसं, पटापट.

सामना हरल्यावर मार्केझी मोजे काढता काढता म्हणाला, “उद्याला एक ताजा हात मागवलाय खालच्या क्लबाकडून. जागा करायला हवी. वोगल आता आठवडाभर चेंडू उचलणार नाही.”

“त्यानं आपल्याला वाचवलं आज, लू.”

“म्हणून तर म्हणतोय. आता त्याच्यात उरलं काय?” त्यानं दुसरा मोजा काढला. “आता माझ्याकडे असा बघू नकोस. त्याला उतरवायचा फोन मी नव्हता केला. तू सांगतोस की मी सांगू?”

“मी सांगतो.”

वरच्या साहेबांचा फोन तेवढ्यात येऊन गेला. छान सांभाळलंस म्हणाले. हिवाळ्यात नक्की बोलू म्हणाले. हरल्याचं विचारलंच नाही. आणि टेस्मरच्या छातीत — त्यानं ओळखलीच ती — ऊब आली. सकाळचीच, तीच. तिला आपण कशातून आलो याची काही पर्वा नव्हती.

बर्फ लावायच्या खोलीत संध्याकाळचं ऊन फरशीवर पडलं होतं. वोगल बाकावर बसलेला, खांद्यापासून कोपरापर्यंत बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या, डाव्या हातानं गार झालेलं सँडविच खात. टेस्मर दारात थांबला. आता यानं शिव्या द्याव्यात, त्याला वाटलं. आईवरून द्याव्यात, मोटेलच्या त्या चादरीपासून आजपर्यंतच्या द्याव्यात; मी ऐकून घेईन, एकही उलट बोलणार नाही, आणि मग आमचं फिटेल. वाक्य जुळवायला त्यानं श्वास घेतला.

“पोरगा सकाळी येतोय की रात्रीच्या बसनं?” वोगलनं विचारलं.

“कोण... कुठला पोरगा?”

“माझ्या जागेवरचा. कपाट रिकामं करून ठेवतो म्हणजे. सकाळी त्याची धांदल नको.”

सांगायला काही उरलंच नव्हतं. वोगलनं पायानं समोरचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

“बसा, कोच. दिवसभर उभे आहात.”

आणि टेस्मर बसला. बसताना गुडघ्यांना बरं वाटलं, ते त्याच्या ध्यानात आलं, आणि मग सगळंच एकेक ध्यानात यायला लागलं — कीटिंगचा कोवळा हात, अमाडोरचा मंगळवार, मार्केझीचे स्वच्छ मोजे, हिवाळ्यातली आपली जागा. ते अवघड वाक्यसुद्धा, जे उच्चारण्याचा त्रास या माणसानं आपल्याला पडू दिला नव्हता. ज्याचं त्याचं ज्याला त्याला मिळालं होतं, आपल्याला तर बसायला स्टूलही. त्याची किंमत भरली होती एकानंच. आणि तो डाव्या हातानं सँडविचचा अर्धा तुकडा मोडून, घ्या म्हणून, अजून भरतच होता.