आतल्या बाजूची गाठ

चंपत मेश्राम जानेवारीच्या एकतीस तारखेला रिटायर झाला, आणि पंधरवडा उलटायच्या आत त्याच्या बायकोने, गिरजाबाईने, लेकीला फोन करून सांगितलं, "खुशबू, तुया बाबाले काहीतरी काम लावून दे व. नाहीतर मी पागल होऊन जाईन."

चौतीस वर्षं त्याने स्टील प्लांटच्या मिलमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवली होती. जमिनीपासून खूप वर, काचेच्या केबिनमध्ये, दोन्ही हात लिव्हरवर. आता रिसालीच्या घरात त्या हातांना काही सापडत नव्हतं. त्याने घरातले सगळे नळ आवळले. एक इतका आवळला की तो तुटला. कूलर खोलला, जोडला, पुन्हा खोलला. गिरजाबाई मेथी निवडायला बसली की हा शेजारी येऊन बसायचा, आणि पानं काड्यांत, काड्या पानांत जायच्या.

खुशबू रायपूरला नोकरीला होती. शनिवारी आली तेव्हा तिने बाबाच्या हातात मोबाईल दिला. "बाबा, ये देखो. हा माणूस मोजे विणून राहिला. टाच वळवाले हिशेब लागते म्हणे. आपको जम जाएगा."

चंपतने तो व्हिडिओ सलग तीन वेळा पाहिला. चार सुयांवर गोल गोल फिरणारे टाके, आणि मध्येच कुठेतरी सरळ नळी वळून पायाचा आकार घेते. ते कसं होतं हे त्याला कळेना, आणि कळेना म्हणून चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून सुया आणि निळी लोकर घेऊन आला.

पहिला मोजा त्याने पाच वेळा उसवला. टाचेशी आला की टाके मोजताना चुकायचा, वैतागून सगळं ओढून काढायचा आणि घरभर फेऱ्या मारून पुन्हा बसायचा. एप्रिल लागला. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं आणि हा मांडीवर लोकर घेऊन घामाने भिजत होता. पहिला मोजा झाला तो गिरजाबाईच्या दोन्ही पायांना एकदम झाला असता. दुसरा इतका घट्ट झाला की अंगठ्याच्या पुढे जाईना.

"हे कोन घालीन?" गिरजाबाईने विचारलं.

"घालाले नाही विणून राहिलो. टाच पाह्य. टाच जमली का नाही?"

टाच खरोखरच जमली होती.

गिरजाबाईचं हातकाम वेगळं होतं. दरवर्षी चौदा एप्रिलची जयंती झाली की ती जुन्या साड्या काढायची, धुवायची, एकीवर एक अंथरायची आणि गोधडी घालायला बसायची. तिचा धावदोरा सकाळी एका कोपऱ्यातून निघाला की जेवणापर्यंत दुसऱ्या कोपऱ्याला पोचायचा, आणि तेवढ्या वेळात ती एकदाही उठायची नाही. चंपत तिच्याकडे बघायचा आणि त्याला तिचा हेवा वाटायचा. तो स्वतः सलग दहा फेऱ्या विणून झाल्या की उठून गेटपर्यंत जाऊन यायचा.

मे महिन्यात त्याला केवलराम आठवला, आणि मोजा कोणासाठी विणायचा हे ठरलं.

केवलराम बिसेन मिलमध्ये खाली उभा राहून क्रेनला सिग्नल द्यायचा. बावीस वर्षं दोघांची ड्यूटी एकत्र होती. त्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. केवलरामचा हात वर गेला की चंपतने उचलायचं, तळहात आडवा झाला की थांबायचं. दीड वर्षापूर्वी तो रिटायर होऊन उतईला राहायला गेला होता. त्याला शुगर होती. पाय इतके बधिर झाले होते की चालताना चप्पल निघून पडली तरी त्याला कळत नसे. कोणीतरी मागून हाक मारून सांगायचं.

चंपत स्कूटर घेऊन उतईला गेला आणि त्याने केवलरामचं पाऊल टेपने मोजलं.

"अबे, पायाचं माप घेऊन राहिला का सूट शिवून राहिला?" केवलराम हसत होता.

"लोकरीचे नाही, सुताचे करतो. पाय सांभाळून राहीन तुया."

केवलरामची बायको बेबीताई दारातून म्हणाली, "करा भाऊजी. विकतच्या मोज्याची इलास्टिक पायाले करकचून बसते. वळ उठतात नुसते."

त्याने नऊ दिवस विणलं. या वेळी माप बरोबर होतं, टाच बरोबर होती. रविवारी मोजे द्यायचे असं त्याने फोनवर सांगूनही टाकलं होतं. शनिवारी दुपारी दुसऱ्या मोज्याच्या बोटांशी आला आणि सूत संपलं. नव्या गुंड्याचं टोक जुन्याला जोडायचं होतं. व्हिडिओतल्या माणसाने बजावून सांगितलं होतं की गाठ मारायची नाही, दोन्ही टोकं आठ-दहा टाके बरोबर विणून घ्यायची. चंपतने गाठ मारली. तेवढ्यावर न थांबता पुढे विणून त्याने मोजा बंदही केला. मग आत हात घालून अंगठा फिरवला तेव्हा ती लागली. करंगळीच्या बाजूला, मोहरीहून थोडी मोठी.

उसवायचं तर बारा फेऱ्या उसवाव्या लागल्या असत्या. तो उठला, गेटपर्यंत जाऊन आला. बाहेरून मोजा सुरेख दिसत होता. त्याने तो घडी करून पिशवीत ठेवला.

केवलरामला मोजे फार आवडले. तो ते घालून गल्लीत फिरला, दुकानावर गेला, दोस्ताने विणले म्हणून चार लोकांना दाखवले. चंपत खूश होऊन परत आला आणि लगेच दुसऱ्या जोडीचं सूत घेऊन आला.

तीन आठवड्यांनी केवलरामने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चंपत उतईला गेला तर बेबीताई घाईघाईने डबा भरत होती.

"दुर्गले दवाखान्यात हायेत ते," ती म्हणाली. "पायाले जखम झाली. त्याईले समजलंच नाही. वास आला तवा मी पाहिलं."

"कोनत्या पायाले?"

"उजव्या. करंगळीले." तिने डब्याचं झाकण लावलं. "डॉक्टरनं मोजा उलटा करून दाखवला, भाऊजी. आत गाठ होती. तुमाले तरी काय माहीत. आज करंगळी काढून राहिले."

ती रिक्षात बसून निघून गेली. चंपत तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊ शकला असता. स्कूटर होती. तो घरी आला.

पुढचे तीन दिवस घरात त्याचा पाय ठरला नाही. सकाळी निघायचा, सिव्हिक सेंटरला जायचा, तिथून कुठेही वळायचा. एकदा दुर्गच्या रस्त्याने पद्मनाभपूरपर्यंत गेला. तिथून दवाखाना दहा मिनिटांवर होता. तो एका टपरीसमोर स्कूटर लावून उभा राहिला आणि मग परत फिरला. घरी येऊन त्याने दुसऱ्या जोडीचा अर्धा मोजा उसवला. निळे लोकरीचे मोजेही उसवले.

गिरजाबाई गोधडीवर बसली होती. तिने सुई थांबवली. "काय झालं ते सांगता का?"

"काही नाही."

"केवलरामभाऊले पाहाले कावून नाही जाऊन राहिले?"

तो उठायला लागला तर तिने त्याचा हात धरून खाली बसवलं, दुसरी सुई ओवून त्याच्या हातात दिली आणि गोधडीची एक कड त्याच्याकडे सरकवली. त्याने टाके घातले. ते लहान-मोठे, वाकडे पडले. सुई दोनदा बोटात गेली. दोरा संपला तेव्हा त्याने टोकाला गाठ मारली आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"वरतं नका ठेवू," गिरजाबाई म्हणाली. "दोन थरांच्या मधात ओढून घ्या. अंगाले लागली नाही पाहिजे."

चंपत रडायला लागला. गाठ आत आहे हे आपल्याला माहीत होतं, बेबीवहिनीला वाटतं माहीत नव्हतं, असं सगळं त्याने सांगून टाकलं. तो थांबल्यावर गिरजाबाई म्हणाली, "मले सांगून काय होते? त्याईले सांगा."

चौथ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. केवलराम खाटेवर पाय उंच करून पडला होता. पायाला पांढरी पट्टी होती.

"आता आला बे तू?"

"केवल, मले माहीत होतं. गाठ माह्या हाताले लागली होती. उसवाचा कंटाळा केला मी."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कोणी पाणी देत होतं, तिकडे केवलराम बघत राहिला. मग म्हणाला, "वरून लोखंड सोडताना कधी कंटाळा नाही केला तू. मी खाली उभा राहाचो."

चंपत खाटेच्या कडेला टेकला.

"बेबीले नको सांगू," केवलराम म्हणाला. "तिले नाही सहन होणार."

पण ते पोटात ठेवून जगणं चंपतला जमण्यासारखं नव्हतं. बेबीताई बाहेर व्हरांड्यात औषधांची चिठ्ठी वाचत होती. त्याने तिला तिथेच सांगितलं. ती चिठ्ठीकडेच बघत ऐकत होती.

"तुमी आता घरी नका येऊ," ती म्हणाली आणि आत गेली.

केवलराम घरी आला, पण एक दिवसाआड ड्रेसिंगला दुर्गला न्यावं लागणार होतं. त्याची मुलगी लांब, नंदिनी नगर या खाणीच्या गावी राहायची, आणि तिचा नवरा तिथल्या खाणीत ड्यूटीवर. चंपत पहिल्या ड्रेसिंगच्या दिवशीच सकाळी नऊला उतईला पोचला आणि दाराबाहेर स्कूटरवरच बसून राहिला. हॉर्न वाजवला नाही, हाक मारली नाही. थोड्या वेळाने केवलराम काठी टेकत बाहेर आला आणि मागे बसला. बेबीताईने त्याचा पाय उचलून फूटरेस्टवर नीट ठेवला. चंपतकडे तिने पाहिलं नाही.

असं दोन महिने चाललं. पावसात तो केवलरामच्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधायचा आणि स्कूटर इतकी हळू चालवायचा की सायकली पुढे जायच्या. ड्रेसिंगच्या खोलीत नर्सने एकदा त्यालाच पट्टी धरायला लावली. जखम उघडी बघून त्याला भोवळ आली, पण तो बाहेर गेला नाही. उरलेल्या दिवशी तो गिरजाबाईजवळ बसून टाके घालायला शिकला. अजूनही मध्येच उठायचा, पण गेटपर्यंत न जाता परत यायचा.

ऑगस्टमध्ये जखम भरत आली. परतताना केवलराम मागून म्हणाला, "तुया हातचं पायात नको आता. पायाखाली ठेवाले काहीतरी कर. खाटेची दोरी टोचते."

चंपतने गिरजाबाईची एक जुनी पिवळी साडी आणि आपले दोन सुती शर्ट घेऊन दोन हात लांबीची जाड गोधडी घातली. तीन आठवडे लागले. शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशी तो ती घेऊन गेला. केवलरामला आत सोडून तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि गोधडी बेबीताईपुढे धरली.

तिने ती घेतली. खाटेवर अंथरली. मग वाकून एका कोपऱ्यापासून तळहात टेकवून फिरवायला सुरुवात केली, ओळीने, जशी टाक्यांची ओळ होती तशी. एक बाजू झाल्यावर तिने ती पालथी केली आणि पुन्हा पहिल्यापासून. केवलराम काही बोलायला गेला तर तिने त्याला हातानेच थांबवलं.

दुसऱ्या बाजूला, मध्याच्या थोडं पुढे, तिचा हात थांबला. तिने बोटाने तिथे दाबून पाहिलं.

"इथं," ती म्हणाली. "टाका वर आला. टोचते."

चंपतने जवळ येऊन बोट लावलं. त्याला जेमतेम लागलं. "होय, वहिनी."

"काढा मग."

तो व्हरांड्यात बसला. बेबीताईने आतून सुई आणि कात्री आणून त्याच्यासमोर ठेवली. त्याने दोन ओळी उसवल्या आणि पहिल्या टाक्यापासून पुन्हा घालायला घेतल्या. ऊन चढून त्याच्या पाठीवर आलं. केवलराम आतून ओरडून सांगत होता की रविवारी नंदिनी नगरला लेकीकडे जायचं आहे, चंपतच्या स्कूटरवर, दोघांनी मिळून. चंपत "हो" म्हणाला आणि मान वर न करता टाके घालत राहिला. बेबीताई दाराला टेकून त्याची सुई बघत उभी होती.