तारेवाल्या बाबांचा बहर

आमच्या बागेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती! कोपऱ्यातलं रोगट संत्र्याचं झाड फुलांनी नुसतं लगडलं होतं आणि त्याखाली तारेवाले बाबा हातवारे करत होते. "खोडाला माझी मंत्रवलेली तार बांधली आणि रोग पळाला! आता ह्याचेच डोळे सगळ्या रोपांवर बांधा!"

लोक टाळ्या पिटत होते. माझे सासरे तर चाकू परजून तयार! फांदीवरचा डोळा, म्हणजे नवा कोंब फुटणारी गाठ, सालीसकट काढून रोपात बसवला की रोपाला त्याच झाडाचं वाण येतं. वर्षभर लेकरांसारखी वाढवलेली रोपं समोर उभी होती. मी लगबगीनं पुढे झाले.

"मामंजी, थांबा ना जरा. तुमची लेक निघालीय." माझी नणंद झाडांच्या रोगांची डॉक्टर आहे.

"सूनबाई, फुलं दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात की! चला, आणखी दाखवते."

मी सगळ्यांना पंपघरामागच्या धडधाकट झाडापाशी नेलं. त्याची एकच फांदी फुलांनी पांढरी झाली होती. तिच्या बुडाशी हार्डवेअरच्या दुकानातली तार करकचून आवळलेली.

"बाबांनी बांधली, त्याच दिवशी मीही बांधली."

"मंत्र कोणता म्हटलास?" बाबांनी डोळे वटारले.

"मंत्र कसला? तुम्हालाच मनसोक्त शिव्या घातल्या!"

हशा पिकला. तेवढ्यात नणंद आली. "तार आवळली की पानांत बनलेलं अन्न सालीतून खाली उतरत नाही, वरच अडतं. म्हणून बहर. मुळं मात्र उपाशी." मग सगळ्यांना कोपऱ्यातल्या रोगट झाडाकडे परत नेऊन तिनं त्याची साल सोलली. आतलं लाकूड खाचाखाचांचं. "हा विषाणू, अप्पा. फळं कमी, तीही बारकी नि बिनरसाची. त्यावर औषध नाही."

"आणि हे डोळे बांधले असते तर?" मामंजींनी विचारलं.

"सगळी रोपं आजारी पडली असती."

मामंजी रोपांपाशी जाऊन बसले. बाबांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं, नि गडी पसार!

तुम्हालाही सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं करा. मंत्र वगळून तार बांधा, तार वगळून मंत्र म्हणा, आणि काय होतं ते स्वतः पाहा.

मामंजींनी एका रोपावरून हात फिरवला. "वाचलात रे," ते म्हणाले. मग चाकू मिटून उठले. "सूनबाई, करवत आण. ते झाड आजच काढू."