वहिनींचा उजवा हात

नवऱ्यानं आधी मिस्त्रीणबाईंचं डोकं भिंतीवर आपटलं, हौस फिटेपर्यंत आपटलं, आणि मग हात धुऊन टेबलाशी बसून म्हणाला, “वाढ.”

मिस्त्रीणबाईंनी आपल्या गॅरेजातला बावीसचा पाना आणला आणि वाढलं. जबड्याचे इतके तुकडे झाले की डॉक्टरनं मोजायचं सोडून दिलं, आणि एक दात तर शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडून त्यांच्या वरणात पडला म्हणतात. बाईंनी पाना पुसून हत्यारांच्या पिशवीत टाकला, पिशवी गाडीला बांधली आणि किक मारली. देशाच्या या टोकाला घर, त्या टोकाला समुद्र, आणि समुद्रकाठी थोरली बहीण. मधे नुसता रस्ता.

अर्धा देश मागे पडला होता. एका सकाळी त्या रस्त्याकडेच्या हॉटेलातून चहा पिऊन बाहेर आल्या, तर गाडीच्या मागच्या सीटवर धाकटा दीर बसलेला. मटणाचं दुकान चालवणारा, दारातून आत यायचं तर तिरका होऊन येणारा माणूस. ज्या ट्रकनं त्याला इथवर आणलं, तो धूळ उडवत पुढे निघूनही गेला होता. मांडीवर सत्तूर.

“चहा झाला, वहिनी?”

“झाला. तुम्ही घेणार, भावजी?”

“नको. गाडी वळवा. आईला शब्द दिलाय. दादावर हात उचललात तुम्ही. तिला उजवा हात आणतो म्हटलंय. तिच्या डोळ्यांदेखत, दुकानातल्या ठोकळ्यावर.”

“आणि नाही वळवली तर?”

“तर मग इथंच उरकावं लागेल.” त्यानं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. “पण मग परत कसं जायचं? मला गाडी येत नाही.”

दिराची हीच तर गंमत होती. खोटं बोलायला त्याला जमायचं नाही. वहिनींना अहो-जाहो करायचं, असं लहानपणी कुणीतरी शिकवलं होतं, ते हातात सत्तूर असतानाही सुटलं नव्हतं.

बाईंनी हँडल धरलं. उजव्या हातातली मूठ पिळली की गाडी पळते. म्हणजे गाडी पळते आहे तोवर हात मनगटाला आहे. हा हात गेला तर नट कशानं आवळायचा? बहिणीच्या दारात जाऊन पोळ्यासुद्धा लाटता येणार नाहीत. त्यांनी गाडी वळवली.

ऊन चढलं तसं त्यांनी पहिला डाव टाकला. मोकळ्या रस्त्यावर गाडी तुफान सोडली, एकाएकी करकचून ब्रेक मारला आणि दीर अंगावर आदळताक्षणी कोपर मागे हाणलं. काडकन आवाज झाला. त्याचं नाक गालावर जाऊन बसलं. पण गडी पडला नाही. एका हातानं त्यानं बाईंचे केस धरले होते. त्यानं सत्तूर आडवा केला आणि पात्याच्या सपाट बाजूनं त्यांच्या बरगडीत असा ठोसला की बाईंच्या डोळ्यांपुढे भरदिवसा काजवे चमकले.

“असं नका करू, वहिनी,” तो रक्त थुंकत म्हणाला. “उगाच मार बसतो.”

पेट्रोलपंपावर दोघं पोचली ती रक्तानं माखलेली. पंपवाला म्हातारा पण खमक्या होता. “ताई, हा कोण?”

“दीर आहेत.”

“कुणी का असेना. उतर रे खाली!” म्हाताऱ्यानं लोखंडी कांब उचलली. सत्तूर फिरला तो कुणाला दिसलाच नाही. म्हाताऱ्याचा डावा कान टाकीत लावलेल्या नरसाळ्यात पडला. दिरानं तो चिमटीत धरून बाहेर काढला, बाईंच्या फडक्याला पुसला आणि बोंब मारणाऱ्या म्हाताऱ्याच्या खिशात नीट ठेवून दिला. “ओल्या कापडात गुंडाळा, आजोबा. लावून मिळतो हल्ली.”

पेट्रोल भरून झालं. बाईंनी मनाशी हिशेब केला. कानाला लागला तेवढाच वेळ मनगटाला लागणार.

पंप मागे पडला आणि मग त्यांना ते ऐकू आलं. दिराची हनुवटी त्यांच्या डाव्या खांद्यावर आली होती, फुटक्या नाकातून श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि पोरं पाढे म्हणतात तसा तो पुटपुटत होता. “डावी दाबली. पाय खाली. डावी हळू सोडली. उजवी पिळली.”

“काय म्हणताय, भावजी?”

“काही नाही. शिकतोय.”

“कशाला?”

“विचार केला मी, वहिनी. आईला हात हवाय. तुमचं बाकीचं ओझं कशाला न्यायचं एवढं लांब? तुम्ही केसही ओढू देत नाही धड. मला चालवता आली, की तुम्ही मोकळ्या.”

 गॅरेजात बाईंनी आयुष्यभर शिकाऊ लोक पाहिले होते. मागे बसून शिकणारा हात बघतो. डाव्या खांद्यावरून फार तर डावा पाय दिसतो, पुढच्याचा उजवा पाय दिसत नाही. पुढचा ब्रेक तर कालच तुटला होता, त्याची दांडी नुसती लोंबत होती. राहिला मागचा. तो उजव्या बुटाखाली.

तेव्हापासून बाई छान शिकवू लागल्या. वळण आलं, म्हैस आडवी आली, खड्डा आला, की डाव्या हातानं क्लच असा दाबायच्या की कोपर आभाळाला लागावं. आणि त्याच वेळी उजव्या बुटाचं टोक खाली, गुपचूप, पापणी लवावी इतकंच. गाडी थांबायची.

“डावी घट्ट धरली की थांबते,” दीर पुटपुटला.

“हुशार आहात,” बाई म्हणाल्या.

“दुकानातही सगळं बघूनच शिकलो मी. सांगणाऱ्यावर विश्वास नाही ठेवायचा, वहिनी. लोक फसवतात.”

उन्हं कलताना घाटमाथा आला. काल चढताना बाईंनी इथली वळणं पाहून ठेवली होती. माथ्यावर थोडी सपाटी, मग रस्ता एकदम खाली कोसळतो.

“थांबवा,” दीर म्हणाला. त्यानं त्यांना मैलाच्या दगडाशी बसवलं आणि सामानाच्या पट्ट्यानं दोन्ही मनगटं एकत्र आवळली. उजवं मनगट अंगठ्यानं चाचपून सांधाही शोधून ठेवला. त्याचा अंगठा गार होता. “आधी गाडी येते का बघतो. मग तुमच्याकडे येतो. आधी हात काढला आणि गाडी आलीच नाही, तर पंचाईत.”

सत्तूर कमरेच्या पट्ट्यात खोचून त्यानं किक मारली. डावी दाबली, पाय खाली, डावी हळू सोडली. गाडी निघाली! सपाटीवर थोडं जाऊन त्यानं क्लच घट्ट धरला, आणि गाडी लडखडत आपसूक थांबली. दीर लहान मुलासारखा हसला. “येते की, वहिनी! वळवून आणतो, बसा तिथंच!”

वळवायला जागा हवी म्हणून तो आणखी पुढे गेला. तिथं उतार होता.

गाडीनं नाक खाली केलं. दिरानं क्लच धरला. गाडी मोकळी सुटली. त्यानं आणखी घट्ट धरला. दोन्ही मुठी आवळल्या, दात आवळले. गाडी अशी सुसाट निघाली की रस्त्याकडेच्या झाडांची पानं तिच्यामागं उडत गेली.

आणि इथं बाईंकडून एक चूक झाली. गॅरेजातून गाडी घेऊन निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या जे ओरडून सांगत, ते सवयीनं तोंडातून निघून गेलं. “उजवा पाय दाबा, भावजी! ब्रेक पायाशी आहे!”

दिरानं मान वळवली. “मला फसवता? डोळ्यांनी पाहिलंय मी!” आणि त्यानं क्लच आणखी आवळला.

पहिलं वळण गाडीनं घेतलं, दुसरं घेतलं नाही. आवाज असा झाला की पलीकडच्या डोंगरावरचे कावळे उठले. बाई बांधल्या हातांनी धावत, ठेचकाळत खाली पोचल्या. गाडी कठड्याला आडवी पडून चाक फिरवत होती. दीर रस्त्यावर पालथा. सत्तूर कमरेतून सुटून आभाळात गेला होता, तिथं त्यानं एक निवांत कोलांटी घेतली आणि परत येताना तो दिराच्या पसरलेल्या उजव्या मनगटावर आला. धार त्यानंच सकाळी लावली होती. पातं डांबरात रुतून उभं होतं.

बाईंनी आधी त्याच पात्यावर आपल्या मनगटांचा पट्टा घासून तोडला. मग तोच पट्टा दिराच्या दंडाला बांधला आणि बावीसचा पाना घालून पिळला. रक्त थांबेपर्यंत पिळला. दीर गुरासारखा ओरडला.

“वहिनी... ब्रेक कुठं होता?”

“उजव्या पायाखाली.”

“म्हणजे खरं सांगत होतात?”

“तेवढं एकच.”

तो पांढरा पडत चालला होता. “आईला शब्द दिला होता मी. उजवा हात आणतो म्हणून.”

“कुणाचा, ते बोलला होतात?”

दिरानं बराच विचार केला. “नाही,” तो म्हणाला. खोटं बोलायला त्याला आताही जमलं नाही.

खालून एक ट्रक धापा टाकत आला. ड्रायव्हर देवभोळा होता, सत्तूर पाहून त्यानं आधी त्यालाच हात जोडले. दोघांनी मिळून दिराला वर चढवलं. ड्रायव्हर गाडी वळवून खालच्या दवाखान्यात न्यायला कबूल झाला. बाईंनी हात ओल्या फडक्यात गुंडाळून दिराच्या मांडीवर ठेवला.

“लावून मिळतो हल्ली. नाहीतर सासूबाईंना द्या. उजवाच आहे.”

“सांभाळून जा, वहिनी,” दीर डोळे मिटून म्हणाला. “पुढचा ब्रेक तुटलाय तुमचा.”

ट्रक उताराला लागला. बाईंनी गाडी उभी केली, पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. पट्ट्यानं आवळून उजवा हात इतका बधिर झाला होता की मूठ धरवेना. डाव्या हातानं त्यांनी बोटं एकेक करून मुठीवर बसवली. हँडल वाकलं होतं, त्यामुळे समुद्रापर्यंत गाडी सारखी डावीकडे ओढत राहिली, आणि बाई ती उजव्या हातानं सरळ करत राहिल्या.